छोट्या क्लबात लाइव्ह अल्बम रेकॉर्ड करताना

दीडशे-दोनशे माणसांच्या क्लबात ड्रमर आणि गायक यांच्यामध्ये जेमतेम दोन मीटर जागा असते. गायकाच्या माइकात ड्रमची क्रॅश सिंबल (मोठी झांज) येणार, ओव्हरहेडमध्ये (ड्रमच्या वर लावलेल्या माइकांत) गिटारचा अ‍ॅम्प येणार आणि पीएचा (प्रेक्षकांकडे रोखलेल्या स्पीकरांचा) आवाज तर सगळीकडेच घुसणार. या ब्लीडशी (एकाच्या माइकात दुसऱ्याचा आवाज शिरण्याशी) भांडण्यात अर्थ नाही. ‘मिक्सला बसलो की वेगळं काढू’ या भरवशावर रेकॉर्डिंग केलं की हमखास अंगाशी येतं, कारण छोट्या स्टेजवर वेगळं असं काही उरतच नाही. म्हणून किती रात्री, कोणती खोली, कोण कुठे उभं राहणार, अ‍ॅम्प किती वॅटचा हे सगळं माइक लावायच्या आधी ठरलं पाहिजे. पुढचा हिशेब ड्रम, बेस, दोन गिटार आणि गायक अशा बँडसाठी, साधारण २० ते २४ चॅनेलचा (एका माइकची किंवा लाइनची वाट म्हणजे एक चॅनेल) आहे.

किती रात्री आणि कुठे

एका रात्रीवर अल्बम लावू नका. किमान दोन, जमल्या तर तीन रात्री घ्या, त्याही एकाच क्लबात आणि लागोपाठ. रोलिंग स्टोन्सने ४ आणि ५ मार्च १९७७ला टोरंटोच्या एल मोकॅम्बो या सुमारे तीनशे माणसांच्या क्लबात हेच केलं. बँडचं खरं नाव लपवून दोन रात्री वाजवलं आणि रेकॉर्ड केलं. त्या वर्षीच्या त्यांच्या दुहेरी लाइव्ह अल्बमची एक बाजू या क्लबातली आहे. बाकीच्या बाजूंवरच्या मोठ्या सभागृहांनंतर ती ऐकली की खोली एकदम अंगावर येते.

एकाच खोलीचा आग्रह भावनेपोटी नाही. पहिल्या रात्रीचं कडवं आणि दुसऱ्या रात्रीचा सोलो जोडायचा तर दोन्हींकडे खोलीची शेपूट (आवाज थांबल्यावर उरणारा घुमारा) सारखी हवी. पुण्यात एक, पणजीत एक आणि बंगळुरूत एक असा दौरा असेल तरी अल्बम होतो, पण मग एका गाण्याच्या पोटात दोन क्लब मिसळायचे नाहीत. गाणं संपूर्ण एकाच ठिकाणचं घ्यायचं.

रात्री जुळाव्यात म्हणून ड्रमकिट तेच, स्नेअरचं (मधल्या चपट्या ड्रमचं) हेड म्हणजे वरचा पडदा आदल्या एखाद्या कार्यक्रमात वाजून बसलेलं, ट्यूनिंग तेच. माइक स्टँडचे पाय, ड्रमचे पाय आणि वेज मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून जमिनीवर ठेवलेले तिरपे स्पीकर) यांच्याभोवती जमिनीवर गॅफर टेपच्या खुणा करा. प्रत्येक माइकचा फोटो जवळून काढा. स्नेअरचा माइक दुसऱ्या दिवशी चार सेंटिमीटर सरकला तरी जोड ऐकू येतो. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमवर) वाजवत नसाल तर ड्रमरने प्रत्येक गाण्याआधी लुकलुकणाऱ्या मेट्रोनोमकडे चार ठोके बघावं आणि तो बंद करावा. दोन रात्रींत एक-दोन बीपीएमचा (मिनिटाला ठोक्यांचा) फरक चालतो. पाचचा आला की जोडायचं विसरा.

खोली पाहायला दुपारी जा आणि मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. ‘टर्र’ असं थरथरतं उत्तर आलं तर समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती बोलताहेत. एका भिंतीवर जाड पडदा लावला की बराच फरक पडतो. गर्दी भरल्यावर वरच्या फ्रिक्वेन्सी माणसं शोषून घेतात. खालचा घुमारा मात्र तसाच राहतो, म्हणून ड्रमरला दहा मिनिटं किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजवायला लावा आणि कोपऱ्यात उभं राहून ऐका. बारचे फ्रिज, एक्झॉस्ट फॅन आणि बर्फ फोडणारा मिक्सर यांची जागा बघून ठेवा. शांत गाण्याच्या वेळी मिक्सर बंद ठेवायची विनंती मालकाला नाही, बारमनला करावी. बटण त्याच्या हातात असतं.

वीज

क्लबातली गुणगुण बहुतेक वेळा माइकची नसते, वायरिंगची असते. कन्सोल (सगळे आवाज मिसळायचं यंत्र), स्टेजवरचे अ‍ॅम्प आणि रेकॉर्डिंगचा लॅपटॉप हे सगळं एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या. दिवे आणि एसी दुसऱ्या फेजवर असावेत. दिव्यांना डिमर असेल तर त्याची बझ गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचं कंपन पकडणाऱ्या एका गुंडाळीच्या चुंबकात) हमखास येते. ती ५० हर्ट्झच्या साध्या हमसारखी फिल्टरने जात नाही, कारण तिचे हार्मोनिक (मूळ आवाजाच्या पटीतले वरचे सूर) पार वरपर्यंत पसरलेले असतात. साउंडचेकला दिवे शोच्या लेव्हलवर लावूनच गिटार ऐका. दिव्यांचा माणूस आठ वाजता आला आणि बझ नऊ वाजता कळली, हा प्रकार नेहमीचा आहे. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर किणकिण सुरू झाली तर तो बॅटरीवर चालवा किंवा त्या लाइनला ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय (सिग्नल माइकविना थेट कन्सोलला देणारा डबा) घाला. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय नाही. गायकाचा ओठ माइकला आणि गिटारवादकाचा हात तारेला लागलेला असतो, तिथे शॉक बसतो.

कन्सोल आणि रेकॉर्डर यूपीएसवर हवेत. लाइट गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंतच्या काही सेकंदांत डिजिटल कन्सोल रीस्टार्ट होतो आणि चालू असलेली फाइल अर्धवट राहते.

स्टेज

अल्बमचा आवाज इथेच ठरतो, म्हणून इथे घाई नको. गिटारला १५ ते २२ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरे. १०० वॅटचा अ‍ॅम्प दोनवर ठेवला तर टोन मरतो आणि पाचवर ठेवला तर गायकाच्या माइकात गिटारच रेकॉर्ड होते. अ‍ॅम्प प्रेक्षकांकडे रोखून ठेवण्याऐवजी स्टेजच्या कडेला, आडवा, बिअरच्या रिकाम्या क्रेटवर तिरपा ठेवा, म्हणजे तो वादकाच्या गुडघ्यांऐवजी कानांना ऐकू जाईल आणि वादक स्वतःहूनच आवाज कमी करेल.

गायकाला ड्रमच्या सरळ रेषेतून मीटरभर बाजूला काढा. सरळ समोर असेल तर माइकची पुढची बाजू ड्रमकडेच उघडी असते. पीएचे स्पीकर गायकाच्या माइकपेक्षा किमान एक मीटर पुढे हवेत.

आता वेज. एसएम५८ हा कार्डिऑइड, म्हणजे पुढचं जास्त ऐकणारा माइक, तो बरोबर पाठीमागे, १८० अंशांवर, सर्वांत बहिरा असतो. त्याला एकच वेज, थेट मागे. बीटा ५८ए हा सुपरकार्डिऑइड, म्हणजे आणखी अरुंद कोनात ऐकणारा. त्याचा बहिरा कोन सुमारे १२६ अंशांवर असतो आणि नेमक्या पाठीमागे तो थोडं ऐकतो. त्याला दोन वेज हवेत, मागे डावी-उजवीकडे. माइक बदलला आणि वेज तिथेच ठेवला की फीडबॅक आणि ब्लीड दोन्ही वाढतात, आणि दोष मात्र साउंड इंजिनिअरला दिला जातो. छोट्या क्लबात सुपरकार्डिऑइड चांगला, पण गायकाने माइकचा गोळा मुठीत धरायचा नाही. मूठ बसली की मागची छिद्रं बुजतात आणि पॅटर्नच (कुठल्या दिशेचं किती ऐकायचं ते) बिघडतो.

माइक आणि चॅनेल

किकला आत बीटा ९१ए आणि भोकाशी बीटा ५२ए. एकच असेल तर ५२ए. स्नेअरला वर आणि खाली एसएम५७, खालच्याची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी. टॉमना (उरलेल्या लहान-मोठ्या ड्रमना) क्लिपवाले सेनहायझर ई६०४. ओव्हरहेडला दोन छोटे कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक). छत नऊ-दहा फुटांचं असेल तर ते छतापासून किमान दोन फूट खाली ठेवा, नाहीतर छतावरून परतलेला आवाज मूळ आवाजाशी भांडतो आणि सिंबल फिसफिसतात. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरपासून समान अंतरावर हवेत. माइकची वायर ताणून मोजा, टेप शोधत बसू नका. हाय-हॅटला (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीला) वेगळा माइक अशा खोलीत बहुधा फुकट जातो. तो ड्रमरशेजारच्या प्रत्येक माइकात आधीच भरपूर असतो.

बेसला डीआय आणि कॅबिनेटला माइक, दोन्ही. गिटारला प्रत्येकी एसएम५७, ग्रिलला चिकटून, कोनच्या मध्यापासून दोन बोटं बाहेर. शिवाय प्रत्येक गिटारचं कोरडं डीआय वेगळ्या चॅनेलवर घ्या. अ‍ॅम्पच्या माइकवर कुणाचा पाय पडला तर तेच डीआय नंतर अ‍ॅम्पमधून पुन्हा वाजवून घेता येतं.

मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात कंडेन्सर माइक चरचर करतात, कारण कॅप्सूलवर दमट हवा बसते. ते झिपच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर न्या आणि शोच्या तासभर आधी लावून फँटम (कन्सोलकडून माइकला जाणारी वीज) चालू ठेवा. एसी खोलीतला थंडगार माइक काढून थेट दमट हॉलमध्ये लावला की त्यावर दव धरतं. गिटारींचंही तसंच. गर्दी भरली की खोली तापते आणि तारा उतरतात. गिटार अर्धा तास आधी स्टेजवर आणून ठेवा आणि दर दोन गाण्यांनी ट्यूनर बघा. दोन्ही गिटारींचा सूर किंचित इकडेतिकडे असला तरी शोमध्ये चालून जातं, हेडफोनवर दहाव्यांदा ऐकताना नाही.

प्रेक्षकांचे माइक

बँड इथेच हात आखडता घेतात आणि मग अल्बम रिहर्सल रूममध्ये केल्यासारखा वाटतो. चार माइक हवेत. दोन स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यांत, पीएकडे पाठ करून, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून मागे बघणारे. दोन मागच्या बाजूला, उंच. बारपासून, दारापासून आणि एसीच्या झोतापासून लांब. माइकखाली उभं कोण राहणार हेही बघा. १९७०च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी या ठिकाणी व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा कार्यक्रम एका मैत्रिणीने साध्या कॅसेट रेकॉर्डरवर उतरवला. तोच १९७२ला अल्बम म्हणून निघाला. त्यात गाण्यांच्या मधे शेजारच्या टेबलावरची दारूची ऑर्डर स्वच्छ ऐकू येते. त्या अल्बमला ते शोभून दिसतं, तुमच्या बॅलडमध्ये शोभेलच असं नाही.

साउंडचेक झाल्यावर हॉल रिकामा असताना पीए बंद करून स्टेजवर एक फुगा फोडा आणि चारही माइकवर तो रेकॉर्ड करा. कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (एका खोलीचा घुमारा दुसऱ्या आवाजाला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती फाइल घातली की नंतर कुठल्याही कोरड्या ट्रॅकला त्याच क्लबाची खोली मिळते. नुसत्या गर्दीची कुजबुजही पाचेक मिनिटं घ्या, शो सुरू होण्याआधी, मागे गाणी न वाजवता. गाण्यांमधले सांधे तिनेच भरायचे असतात.

रेकॉर्डिंगची साखळी

बहुतेक क्लबांत आता डिजिटल कन्सोल असतो आणि यूएसबीवरून मल्टिट्रॅक निघतं. बेहरिंगरचा एक्स३२ कन्सोल असेल तर ३२ चॅनेल, एक्सआर१८ असेल तर १८. सिग्नल प्रीअ‍ॅम्पनंतर (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यानंतर) लगेच घ्या, ईक्यू-कॉम्प्रेसर-फेडरच्या (पोत, दाब आणि पातळी बदलणाऱ्या टप्प्यांच्या) आधी. नाहीतर हाउस इंजिनिअरने पीएसाठी स्नेअरचा खालचा भाग कापला की तो तुमच्याही फाइलमधून कायमचा गेला. मात्र प्रीअ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) पीए आणि रेकॉर्डिंग दोघांचा एकच असतो. इंजिनिअरला आधीच सांगा की शोमध्ये गेनला हात लावायचा नाही, फेडर हलवा. गाण्याच्या मधे गेन बदलला तर ती पायरी नंतर हाताने भरून काढावी लागते.

कन्सोल अ‍ॅनालॉग असेल तर ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर (एक सिग्नल दोन वाटांना देणारा) आणि वेगळा इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र). ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही, म्हणून फँटम ज्या बाजूची लाइन थेट आहे तिकडूनच द्यायचं.

२४-बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. ९६वर फाइल दुप्पट होते आणि क्लबातल्या खरखरीत आवाजाला त्याचा फायदा होत नाही. साउंडचेकमध्ये सर्वांत मोठा ठोका उणे १८ ते उणे १५ डेसिबलवर (शून्य म्हणजे डिजिटल मीटरचं टोक) येऊ द्या. प्रेक्षक समोर आले की बँड ३ ते ६ डेसिबलने जोरात वाजवतो, मग तो आपोआप उणे १२च्या आसपास येतो. मीटर हिरवा कमी दिसतो म्हणून गेन वाढवायचा मोह आवरा. २४-बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फुटलेलं दुरुस्त होत नाही.

जागेचा हिशेब असा: २४ चॅनेल, २४-बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला सुमारे १२.५ जीबी. एक्स३२च्या एसडी कार्डवर ३२-बिटच्या ३२ चॅनेलना तासाला सुमारे २२ जीबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ८५ मिनिटं. फाइल सिस्टिमच्या मर्यादेमुळे ४ जीबीला फाइल तुटते, म्हणजे दर साडेअकरा मिनिटांनी. तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले की काही हरवत नाही, पण मधला एखादा कॉपी करायला विसरलात तर गाण्याचा मधला भाग गेला.

रेकॉर्डर दोन हवेत, एकाच वेळी चालणारे. कन्सोलचं कार्ड आणि लॅपटॉप. तिसरा हँडहेल्ड रेकॉर्डर साउंड डेस्कपाशी, नुसता स्टिरिओ. त्याचं घड्याळ वेगळं असतं हे लक्षात ठेवा. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भागांचा) फरक असला तरी तासात ७२ मिलिसेकंदांनी तो सरकतो, म्हणून त्याचा ट्रॅक प्रत्येक गाण्याला नव्याने जुळवावा लागतो. लॅपटॉपवर वायफाय, ऑटो अपडेट, स्क्रीन स्लीप बंद, बफर (संगणकातला आवाजाचा तात्पुरता साठा) १०२४. शो सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी रेकॉर्ड दाबा आणि शेवटचा माणूस हलेपर्यंत थांबवू नका.

लाइन चेकमध्ये, म्हणजे जोडण्या तपासताना, प्रत्येक माइकवर टिचकी मारून रेकॉर्ड करा आणि मागे जाऊन हेडफोनवर एकेक ट्रॅक ऐका. मीटर हलणं आणि योग्य माइक योग्य ट्रॅकवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॉम एक आणि टॉम दोन यांची अदलाबदल तर ठरलेलीच.

शो चालू असताना

एका माणसाचं काम फक्त नोंद ठेवायचं. सेटलिस्टच्या कागदावर प्रत्येक गाण्यासमोर घड्याळाची वेळ, कुठे तार तुटली, कुठे फीडबॅक आला, कुठे प्रेक्षकांनी ओळ उचलली. हा कागद नसेल तर तीन रात्रींचे साडेचार तास पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागतात.

बँडला दोनच सूचना द्या. शेवटचा कॉर्ड विरेपर्यंत, मनातल्या मनात पाच मोजून होईपर्यंत, कुणी बोलायचं नाही आणि पेडलवर पाय ठेवायचा नाही. आणि गाणं फसलं तर थांबून, हसून, पुन्हा सुरू करायचं. छोट्या क्लबातल्या प्रेक्षकांना ते आवडतंच.

जोडणं आणि दुरुस्ती

आधी प्रत्येक गाण्याची एक रात्र पाया म्हणून निवडा. ड्रम आणि गायन सर्वांत जिवंत आहे ती, सर्वांत बिनचूक ती नव्हे. तुकडा दुसऱ्या रात्रीतून आणायचा असेल तर सगळे ट्रॅक एकत्र ग्रुप करून एकाच जागी कापा. एकटा गिटारचा ट्रॅक बदलला तर जुनी गिटार ओव्हरहेडमध्ये आणि गायकाच्या माइकात तशीच राहते आणि भुतासारखी मागे वाजते. काप नेहमी मोठ्या ठोक्यावर घ्या, क्रॅशच्या अगदी आधी, १० ते ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरतो तोवर दुसरा चढतो) देऊन. प्रेक्षकांचे ट्रॅक मात्र त्याच जागी कापू नका. त्यांना एक-दोन सेकंदांचा लांब क्रॉसफेड द्या, थोडा पुढेमागे. शिट्टी मधेच तुटली की कानाला कळतं.

गायकाच्या ट्रॅकवर पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं) फार चालत नाही. माइकात सिंबलही आहेत, सूर ओढला की तेही लचकतात. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी, सेट तसाच लावलेला असताना, पीएवर आदल्या रात्रीचे ड्रम-गिटार वाजवत गायकाकडून त्याच माइकवर, त्याच खुणेवर उभं राहून ती ओळ गाऊन घ्या. ब्लीडही जवळपास तसाच येतो. हे ‘लाइव्ह’ म्हणायचं का, हा वाद जुना आहे. थिन लिझीच्या १९७८च्या लाइव्ह अल्बमवर स्टुडिओत किती काम झालं यावर बँड आणि निर्माता यांचं कधी एकमत झालं नाही. माझ्या मते एखादी ओळ माफ, अख्खा सोलो नाही.

मिक्स

गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावून ट्रॅक स्वच्छ करायला बसू नका. गेट उघडला-मिटला की ब्लीडही उघडतो-मिटतो आणि सिंबल श्वास घेतल्यासारखे वाटतात. टॉमचे ट्रॅक हाताने कापा, बाकी असू द्या. सुरुवात ओव्हरहेड आणि गायकाच्या माइकपासून करा, कारण बँडचा निम्मा आवाज त्या तीन ट्रॅकमध्येच असतो. बाकीचे माइक त्यात मिसळत जा आणि प्रत्येक वेळी पोलॅरिटी उलटी करून बघा. ज्या बाजूला किक-स्नेअर भरीव वाटेल ती ठेवा. बेसच्या कॅबिनेटचा माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर डीआय सुमारे ०.९ मिलिसेकंदांनी मागे ढकला, गेलेला खालचा भाग परत येतो.

मागचे प्रेक्षक-माइक स्टेजपासून १२ मीटरवर असतील तर त्यांत स्नेअर सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचते, म्हणजे दोनदा ऐकू येते. स्नेअरचा एकच ठोका दोन्ही ट्रॅकवर मोठा करून बघा आणि मागचा ट्रॅक तितका पुढे ओढा. पूर्ण जुळवण्यापेक्षा ८-१० मिलिसेकंद उशीर राहू दिला तर खोली खोल वाटते. १५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे फक्त पीएचा घुमारा असतो. गाण्यात हे ट्रॅक दबलेले ठेवा आणि शेवटचा कॉर्ड विरण्याच्या दोन सेकंद आधीपासून सहा डेसिबलपर्यंत वर आणा. टाळ्यांवर एकदम फेडर ढकलला तर दार उघडल्यासारखं वाटतं. एकाच टाळ्या दोन ठिकाणी वापरू नका. गर्दीत एक तरी माणूस असा शिट्टी मारतो की दुसऱ्यांदा लगेच ओळखू येतो.

परवानग्या

क्लबाकडे सार्वजनिक वादनाचा परवाना असला तरी तो तुमच्या रेकॉर्डिंगला लागू होत नाही. दुसऱ्याचं गाणं वाजवणार असाल तर शब्द आणि संगीताच्या हक्कदारांकडून रेकॉर्डिंगची वेगळी परवानगी हवी. त्यासाठी आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे) चौकशी करा. कॉपीराइट कायद्याच्या ३१सी (31C) कलमातली कव्हर व्हर्जनची वाट आहे, पण मूळ ध्वनिमुद्रण निघालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या बँडला ती परवडत नाही. क्लबाशी एक पानी करार करा: रेकॉर्डिंग कुणाचं, क्लबाचं नाव आणि फोटो वापरता येतील का. पाहुणा वादक असेल तर त्याची सहीही त्याच रात्री घ्या. दारावर ‘आज रेकॉर्डिंग आहे’ अशी पाटी लावा.

ट्रॅक तोडताना

स्ट्रीमिंगवर लोक एकेक गाणं ऐकतात, म्हणून ट्रॅकची सुरुवात पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी ठेवा आणि गाण्याआधीची बडबड मागच्या ट्रॅकच्या शेपटीला जोडा. सलग ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, एकटं गाणं लावणाऱ्याला चाळीस सेकंद ‘आवाज येतोय का मागे?’ ऐकावं लागत नाही. ट्रॅक तोडण्याआधी अख्खा अल्बम एकाच लांब फाइलमध्ये मास्टर करा (अंतिम पातळी आणि पोत बसवा), म्हणजे गर्दीची पातळी सांध्यांवर उडी मारणार नाही. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास सगळं समान करतं, तेव्हा दाबून मोठं करण्यात फायदा नाही. ट्रू पीक (सिग्नलचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलवर ठेवा. विनाइल काढायचं असेल तर एका बाजूला २० मिनिटांच्या आसपासच बसवा आणि बाजू जिथे संपते तिथल्या टाळ्या पूर्ण विरू द्या.